होडीला पाणी पाजण्याचे दिवस

"तिला टेकू नका रे, ती झोपलीय."

हा आवाज माझ्या आत्याचा. पन्नास-बावन्न वर्षांपूर्वीचा. नदीच्या धक्क्याशेजारी वाळूवर एक जुनी होडी पालथी पडलेली असायची. तिच्या सावलीत आम्ही मुलं ऊन चुकवायला बसायचो, आणि आत्या पायऱ्यांवर कपडे पिळता पिळता हे एवढंच वाक्य आमच्याकडे सोडून द्यायची. ओरडायची नाही. कुणी निजलेलं असताना त्या खोलीत बोलतात तसं बोलायची. मी एकदा होडीच्या पोटाला कान लावून पाहिला होता. आत खरंच कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. तो फळ्यांमधून फिरणारा नदीचा वारा होता हे मला पुढे कळलं. पण कळायला उशीर झाला होता. तोवर ती होडी माझ्या लेखी घरातलं माणूस झाली होती.

लहानपणी असं काही ऐकलेला मनुष्य पुढे हमखास कुठल्यातरी संस्थेचा चिटणीस होतो. मीही झालो. 'युद्धकालीन होडी जतन न्यास' स्थापन झाला त्या सभेत माझ्याकडेच तेवढं चालणारं पेन होतं, एवढं कारण पुरलं. वजनमापे खात्यात माझी तीस वर्षं लोकांचे तराजू तपासण्यात गेली होती. होडी हा प्रकार त्यातल्या कुठल्याच नियमात बसत नव्हता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

होडी साधीसुधी नव्हे. युद्धाच्या वर्षी, ज्या दुपारी पलीकडच्या काठावर विमानं आली, त्या दुपारी माझ्या आजोबांनी तिच्यातून पलीकडच्या शाळेतली मुलं अलीकडे आणली. सात खेपा केल्या. आजोबा नावाडी होते आणि आत्या त्याच शाळेत होती, अकरा वर्षांची. "माझी पोर पहिल्याच खेपेत आली," असं आजोबा शेवटपर्यंत सांगत, आणि त्यामुळे आत्या ही आमच्या शहरात एक प्रकारे त्या होडीइतकीच ऐतिहासिक होती. दरवर्षी न्यासातर्फे तिला पुष्पगुच्छ दिला जाई. दरवर्षी तिला दोन शब्द बोलायचा आग्रह होई. आणि दरवर्षी ती अक्षरशः दोनच शब्द बोले: "पाणी होतं." मग खाली बसे.

न्यासाने अकरा वर्षं होडीला जिवापाड जपलं. धक्क्याजवळच्या गोदामात तिला लाकडी ठोकळ्यांवर बसवलं. वर पंखा, बाजूला हीटर. हवेतला ओलावा मोजायचं यंत्र भिंतीवर लावलं होतं आणि त्याचा आकडा मी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहीत असे. वर्षाला तीन वेळा व्हार्निश. दारावर पाटी होती: 'ओल्या छत्र्या व ओले पाय बाहेर ठेवावेत.' न्यासाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. होडीवरून हात फिरवत ते नेहमी म्हणायचे, "चिटणीस, अकरा वर्षांत हिला पाण्याचा थेंब शिवलेला नाही." त्यांच्या डोळ्यांत तेव्हा अशी काही तृप्ती दिसे की माझीही छाती भरून येई. होडीला पाणी शिवू नये यात काही चुकतंय, अशी शंका आमच्यापैकी एकालाही आली नाही. आम्ही सगळे शिकलेले लोक होतो.

यंदा सरांनी ठरवलं की आत्याची आठवण सविस्तर ध्वनिमुद्रित करायची. त्या मुलांपैकी आता ती एकटीच उरली होती. एकोणनव्वद वर्षांची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंच होतं, "हृदय थकलंय. जे काही करायचं असेल ते पुढच्या वर्षावर टाकू नका."

सर यंत्र घेऊन घरी आले. आत्या आरामखुर्चीत बसली होती. तिने यंत्राकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगते. पण होडी पाण्यात घाला. मी तिच्यात बसते. मग सांगते."

"आत्याबाई, इथेच सांगा ना. निवांत आहे."

"खुर्चीत बसून होडीचं काय सांगायचं?"

"अहो, पण ती पुराणवस्तू आहे."

"मी कोण आहे मग?" आत्या म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तिने डोळे मिटले की मुलाखत संपत असे. ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सर मात्र पाऊण तास बसून राहिले.

ते गेल्यावर तिने एक डोळा उघडला. "बाळ, करशील ना?"

मी एकसष्ट वर्षांचा आहे. मला बाळ म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय. मी हो म्हणालो.

"हो म्हणालात?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्हाला पोहता येत नाही."

"मी कुठे पोहणार आहे? होडी पोहणार आहे."

"तुमचा कुठलाही उद्योग तुमच्या गळ्याशी आल्याशिवाय थांबत नाही, म्हणून म्हटलं." ही असं बोलून जाते आणि मग महिनाभर ते मला आठवत राहतं.

शहरात होड्या बांधणारे शेवटचे सुतारकाका अजून होते. हात थरथरायचे, पण हातोडी धरली की थांबायचे. मी त्यांना गोदामात घेऊन आलो. त्यांनी होडीवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. मग मला खिडकी उघडायला सांगितली आणि स्वतः होडीच्या आतल्या बाजूला वाकले. उन्हाच्या बारीक बारीक रेघा त्यांच्या तोंडावर पडल्या. फळ्यांच्या प्रत्येक सांध्यातून उजेड आत येत होता. दिसायला ते इतकं सुंदर होतं की मी म्हणालो, "वा."

"वा काय? कोणी केलं हे?"

"आम्ही," सर अभिमानाने म्हणाले. "अकरा वर्षं."

"सुकवली," सुतारकाका म्हणाले. "होडी सुकवलीत तुम्ही. लाकूड आकसलं, सांधे उघडले. ही आता होडी नाही, चाळण आहे." त्यांची नजर हीटरवर गेली. "आणि हे काय, शेगडी?"

सरांनी उभ्या जन्मात कुणाकडून बोलणी खाल्ली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी विचारलं, "मग आता काय करायचं काका?"

"बुडवायची."

पंखा फिरत होता.

"आठ-नऊ दिवस पाण्याखाली ठेवायची," काका म्हणाले. "तहानलीय ती. पाणी पिईल, फुगेल, फळीला फळी भिडेल. मग वर काढायची, पाणी उपसायचं. तरंगेल. आम्ही उन्हाळ्यात बाहेर काढलेली प्रत्येक होडी अशीच पाण्यात घालायचो. यात विशेष काही नाही."

विशेष काही नाही हे त्यांचं झालं. आमची होडी पुराणवस्तूंच्या यादीत होती आणि तिला हलवायचं तरी वारसा कार्यालयाची परवानगी लागत असे. मी कार्यालयात गेलो. तिथले साहेब अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर काचेच्या पेल्यात एक वेल वाढत होती, आणि बोलताना ते तिच्या पानांना हळूच हात लावत.

"स्थलांतराचा अर्ज आहे," ते म्हणाले. "दुरुस्तीचा आहे. रंगकामाचा, प्रदर्शनाचा, छायाचित्रणाचा आहे. बुडवण्याचा नाही."

"एखादा साधा कागद चालेल?"

"चालेल. पण आधी कुणी ऐतिहासिक वस्तू बुडवायची परवानगी मागितल्याचा दाखला हवा. तुम्ही पहिले असाल तर अवघड आहे. पहिल्या माणसाला आम्ही शक्यतो परवानगी देत नाही."

मी घरी येऊन अर्ज लिहिला. 'बुडवणे' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. विषय लिहिला: 'काष्ठवस्तूचे नियंत्रित जलसंपृक्तीकरण.' सरांनी त्यात दोन स्वल्पविराम घातले. अर्ज मी हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे होडीबद्दल आहे होय? मला वाटलं तुमचं कसलं तरी ऑपरेशन आहे."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'सदर वस्तूस ओलावा देण्यास हरकत नाही. तथापि वस्तू पाण्यात बुडता कामा नये.'

आत्याला मी हे वाचून दाखवलं नाही. "चाललंय," एवढंच म्हणालो. तिने मान हलवली. त्या दिवसांत ती थोडं चालली तरी भिंतीला हात लावून थांबायची आणि जणू काही भिंतच बघायला थांबली आहे असं दाखवायची.

न बुडवता ओलावा द्यायचा म्हणजे ओली पोती घालायची. पण गोदामात विजेच्या तारा होत्या, तिथे पाणी नको. म्हणून स्थलांतराचा अर्ज केला, तो तेवढा दोन दिवसांत मंजूर झाला, आणि होडी आमच्या इमारतीच्या अंगणात आली. चार हमाल, एक ट्रॉली आणि मागे चालणारे सर, अशी ती फाटकातून आत शिरली तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. दोन स्कूटर हलवाव्या लागल्या. एका स्कूटरच्या मालकाने अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. ते खाली येऊन होडीच्या सांध्यांकडे बराच वेळ बघत राहिले. खिशातून छोटा टॉर्च काढून आतही पाहिलं.

"किडलंय," ते म्हणाले.

"किडलेलं नाही, सुकलंय."

"फट म्हणजे फट. मी उद्या सिमेंट आणतो. दाढेत बसवतो तेच. मिनिटाभरात घट्ट."

सुतारकाकांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "आणि ती पाणी प्यायल्यावर फुगेल तेव्हा जागा कुठून देणार? तुमचं सिमेंट फळी फोडेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चिटणीस, बाहेरून पोती, आतून पोती. दिवसातून चार वेळा शिंपायचं. आत पाणी भरायचं नाही. जमिनीवर भरलेली होडी स्वतःच्याच पोटाने फाटते. कळलं?"

मला कळलं होतं. पण काका दोन दिवस बाहेर गेले, आणि आत्याला त्या रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी डॉक्टर खाली येऊन म्हणाले, "अहो, शिंपून काय होतंय? गुळण्या करून दात भरतात का? सरळ पाईप लावा." मनुष्य घाईत असला की त्याला दुसऱ्याचा चुकीचा सल्ला स्वतःच्या बरोबर विचारासारखा ऐकू येतो. मी पाईप लावला.

पाणी आत गेलं तसं चहूबाजूंनी बाहेर आलं. चाळीस ठिकाणांहून, बारीक धारांनी, गाणं म्हटल्यासारखं. अंगणात सगळीकडे ऊन होतं आणि ऊन त्या धारांमध्ये मोडत होतं. मी पाईप हातात धरून ते बघतच राहिलो. किती वेळ बघत राहिलो ते मला सांगता येणार नाही. इमारतीतल्या सगळ्यांना मात्र सांगता येईल, कारण तोवर वरची टाकी रिकामी झाली होती. डॉक्टर अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत गॅलरीत आले. "चिटणीस," ते फार हळू म्हणाले, "नळाला पाणी नाही." त्याच क्षणी होडीच्या बुडातला एक खिळा टक् करून उडाला आणि कुंडीत जाऊन पडला.

त्या संध्याकाळी इमारतीची सभा झाली. मी कोपऱ्यात उभा राहिलो. खुर्च्या होत्या, मला कुणी बस म्हटलं नाही. तीस वर्षं मी दुकानदारांना असाच उभा करत असे. एका बाईंनी विचारलं, "ही होडी इथे किती दिवस?" दुसऱ्या म्हणाल्या, "आणि कशासाठी?" मी पुन्हा जलसंपृक्तीकरणापासून सुरुवात केली. तेवढ्यात आत्या जिन्याचा कठडा धरत एकेक पायरी उतरून आली. तिला खाली येऊन चार महिने झाले होते. हातातला पाण्याचा तांब्या तिने होडीवरच्या पोत्यावर हळूहळू रिता केला, आणि जशी आली तशी कठडा धरून वर गेली.

सभा तिथेच संपली. ठराव झाला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कामाला जाणारी माणसं फाटकातून बाहेर पडताना पोत्यांवर मगभर पाणी टाकून जाऊ लागली. कपडे धुतलेलं, भाज्या धुतलेलं, कुणाच्या फिशटँकमधलं. डॉक्टर दात घासायचं पाणी घेऊन आले, त्यांना मी परत पाठवलं. सुतारकाका परतले, खिळा त्यांना मी स्वतःच्या हाताने दिला, आणि मग ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर ते मांडी घालून बसले, नवा खिळा ठोकला आणि हातोडीच्या ठेक्यावर गुणगुणू लागले:

*पी गं बाई, पी गं बाई, घोट घोट पाणी,*
*फळी फळी एक होऊ दे, जशा बहिणी बहिणी.*

पहाटे पहाटे अंगणातून कुरकुर ऐकू यायची. लाकूड फुगत होतं. मी अंथरुणात पडून ऐकायचो. भिंतीपलीकडे आत्याही जागी असायची. तिच्या पलंगाची कुरकुर आणि होडीची कुरकुर, कुठली कोणाची ते ओळखू येत नसे.

पंधरा दिवसांनी काकांनी तळवा ठेवून सांगितलं, "अर्धी झाली. उरलेलं काम नदीचं."

मी पुन्हा कार्यालयात गेलो. साहेबांनी वेलीचं एक पिवळं पान खुडलं आणि विचार केला. ते वाईट नव्हते. त्यांना मदत करायची होती. फक्त कुठल्या कलमाखाली करायची ते सापडत नव्हतं. शेवटी त्यांनीच वाट काढली. छायाचित्रणाच्या अर्जात 'वस्तू योग्य पार्श्वभूमीवर ठेवणे' असं एक वाक्य होतं. होडीची योग्य पार्श्वभूमी नदी, हे त्यांनी मान्य केलं. पंधरा मिनिटं, पाण्यावर, त्यांच्या समक्ष.

"पाण्यावर," ते पुन्हा म्हणाले. "पाण्यात नव्हे."

ठरलेल्या सकाळी होडी धक्क्याच्या पायऱ्यांशी पाण्यात उतरवली. तिथे गळ्याएवढंच पाणी होतं. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला होता. पायऱ्यांवर एका खुर्चीत आत्या आणि शेजारी ही. छायाचित्रासाठी होडीत पदाधिकारी हवेत म्हणून सर आणि मी इस्त्रीचे कपडे घालून आत उभे राहिलो. मी सुतारकाकांनाही बोलावलं.

"मी इथूनच बघतो," ते म्हणाले. "इथून छान दिसतं."

सरांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचं पहिलं वाक्य नेहमीच लांब असतं. ते मध्यावर आलं तेव्हा माझ्या बुटात काहीतरी गार शिरलं. मी खाली पाहिलं. पाणी येत होतं. धडाधड नव्हे, अगदी अदबीने, चहूकडून, आपल्याच घरात पाऊल टाकावं तसं. मला पोहता येत नाही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी भीती वाटली नाही. होडी खाली जात होती आणि जाताना एक लांब, समाधानी सुस्कारा सोडत होती. मी सरांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. "...आणि म्हणूनच ही होडी," ते गुडघाभर पाण्यातून म्हणाले, "काळाच्या प्रवाहात कधीही..."

अकरा मिनिटं लागली. साहेबांनी घड्याळात बघितलं होतं.

वर्तमानपत्रात आलेल्या छायाचित्रात नदी आहे, दोन डोकी आहेत आणि एक पुष्पगुच्छ आहे. खाली छापलं होतं: 'न्यासाचे पदाधिकारी कार्यक्रमात रमलेले.' हिने ते कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. मी सकाळी शर्ट काढायला कपाट उघडतो आणि मला ते दिसतं.

आम्ही निथळत पायऱ्या चढलो. मी म्हणालो, "साहेब, चार माणसं लावून लगेच वर काढतो."

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "बुडालेल्या ऐतिहासिक वस्तूला पंचनामा झाल्याशिवाय हात लावता येत नाही."

"मग करा पंचनामा."

"पाहणी अधिकारी दौऱ्यावर आहेत. नऊ दिवसांनी येतील. तोपर्यंत होडी आहे तिथे, आहे तशी राहील. मी इथे पहारेकरी बसवतो. कुणी तिला वर काढू पाहिलं तर गुन्हा आहे."

सर मान खाली घालून उभे होते. त्यांच्या खिशातून पाणी गळत होतं. सुतारकाकांना एकाएकी जोराचा खोकला आला आणि ते तोंड फिरवून बराच वेळ खोकत राहिले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नऊ दिवस, चिटणीस. मीसुद्धा एवढेच सांगितले होते. आणि वर सरकारी पहारा."

ते नऊ दिवस मी रोज धक्क्यावर जात असे. पाणी निवळलं की होडी दिसायची. खाली, हिरवट उजेडात, सरळ बसलेली. बारीक मासे तिच्यात शिरायचे, आडव्या फळीवर ओळीने थांबायचे आणि खेप पुरी झाल्यासारखे दुसऱ्या बाजूने निघून जायचे. ढगाची सावली वरून गेली की होडी चालल्यासारखी वाटे. पहारेकरीही माझ्याबरोबर बघत बसे. तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "राखायला दिलीय खरी, पण चोरणार कोण? जाईल कुठे?" सहाव्या दिवशी म्हणाला, "काल जरा वळल्यासारखी वाटली."

सहाव्या दिवशीच आत्याला ताप आला. डॉक्टर येऊन गेले, म्हणजे खरे डॉक्टर. त्यांनी तिला हलवू नका म्हणून सांगितलं. मी पलंगाशी बसलो. तिचा हात हातात घेतला तर कागदासारखा हलका लागला.

"किती दिवस राहिले?" तिने विचारलं.

"तीन. आत्या, मी यंत्र इथेच आणतो. सरांना बोलावतो. इथेच सांगून टाक."

तिने नाही म्हणून मान हलवली. "तीन ना? थांबते."

त्या तीन दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. दाताचे डॉक्टर जिन्यावरून चपला हातात घेऊन जात होते. ही रात्रंदिवस तिच्यापाशी होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप उतरला आणि आत्या म्हणाली, "माझं निळं पातळ काढ."

नवव्या दिवशी पाहणी अधिकारी आले. त्यांनी लिहिलं: 'वस्तू पाण्यात आढळली.' मग सही केली. दोर लावून होडी वर ओढली, बादल्यांनी पाणी उपसलं, उरलेलं फडक्यांनी टिपलं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पाव तास गेला. अर्धा तास गेला. सुतारकाकांनी बुडाच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि तो हात माझ्या कोरड्या शर्टाला पुसून दाखवला. डाग पडला नाही.

"ही फुटलेली नाही?" साहेबांनी विचारलं.

"कधीच नव्हती," काका म्हणाले.

साहेबांनी पुस्तक मिटून काखेत धरलं. मग म्हणाले, "छायाचित्रणाची चार मिनिटं तुमची शिल्लक आहेत. मला वाटतं, मी आता चहा प्यायला जातो. मला चहाला वेळ लागतो."

आत्याला खुर्चीसकट उचलून दाताच्या डॉक्टरांनी आणि मी होडीत उतरवलं. वल्ही काकांनी घेतली. समोर सर, मांडीवर यंत्र. मी आत्याच्या बाजूला. काठ मागे सरला. पाणी इतकं गुळगुळीत होतं की वल्ह्याचा प्रत्येक थेंब वेगळा ऐकू येत होता. आत्याने दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली होती, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. मी म्हणालो, "गार वाटतंय का? परत फिरू या?"

"फिरायचं नाही," ती म्हणाली.

नदीच्या मध्यावर काकांनी वल्ही उचलून धरली. पलीकडच्या काठावर शाळेची जुनी इमारत दिसत होती, खिडक्या बुजवलेली. आत्या तिच्याकडे बघत होती.

"सर, ते चालू आहे?"

"आहे, आत्याबाई. सावकाश बोला. तुम्ही पहिल्या खेपेत..."

"मी या होडीत आज पहिल्यांदा बसलेय."

सरांनी यंत्राकडे पाहिलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला पुन्हा ताप चढला असेल असं मला वाटलं. तिने माझा हात काढला नाही, पण थांबलीही नाही.

"मी पाण्याला भ्यायचे. नावाड्याची मुलगी, आणि पाण्याला भ्यायची. कुणाला सांगायची सोय होती का? शाळेच्या वसतिगृहात राहायचे, सुट्टीला पुलावरून बैलगाडीने घरी यायचे. बाबांनी पहिल्या खेपेला मला हाक मारली. मी शाळेच्या जिन्याखाली जाऊन बसले. ते दुसरी मुलं घेऊन गेले. परत आले, परत हाक मारली. दर खेपेला मारली. मी तोंडावर हात दाबून बसले होते." तिने ओठ ओले केले. "मग वरच्या पुलाच्या रस्त्याने चालत निघाले. दुसऱ्या दिवशी घरी पोचले. बाबा दारात उभे होते. काही विचारलं नाही. पायांवर पाणी घातलं माझ्या. दुपारी शेजारी आले तेव्हा म्हणाले, माझी पोर पहिल्याच खेपेत आली. मी आत बसून ऐकलं. मला वाटायचं, एक दिवस ते मला रागावतील, आणि मग मी खरं सांगेन. ते कधी रागावलेच नाहीत. गेले, तेव्हासुद्धा नाहीत."

होडी हलकेच डोलत होती. सुतारकाका वल्ह्यांकडे बघत होते.

"आत्या," मी म्हणालो, "भीती वाटतेय का आत्ता?"

"तेवढीच वाटतेय. पण आता पळायला गुडघे कुठे राहिलेत?"

सरांचा अंगठा यंत्राच्या बटणावर अधांतरी होता. अकरा वर्षं त्यांनी ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली होती. "आत्याबाई," ते फार मऊ आवाजात म्हणाले, "हे पुसून टाकू का? कुणाला कळायची गरज नाही. सात खेपा तर खऱ्याच आहेत."

"ठेवा," आत्या म्हणाली. "खऱ्याच आहेत. पण मुलं सहा खेपांतच संपली होती. सातव्या खेपेला पलीकडे कुणी उरलं नव्हतं. डोक्यावर विमानं होती, आणि बाबा एकट्या माझ्यासाठी आले होते. खोल्याखोल्यांतून हाका मारत फिरले. माझ्या डोक्यावरच्या पायऱ्यांवरून वर गेले, खाली आले. मी ओ दिली नाही. मग त्यांना रिकामी होडी घेऊन जाताना मी बघितलं. एक वल्हं मारायचे आणि मागे वळून बघायचे. एक वल्हं मारायचे आणि मागे वळून बघायचे."